घराच्या उंबरठ्यावर गमावलेली विमाने : १६ डिसेंबर १९४३ आणि बोर्न तळाचा हिशेब

१.
गुरुवार, १६ डिसेंबर १९४३. इंग्लंडमधील केंब्रिजच्या पश्चिमेस काही मैलांवर बोर्न नावाचे खेडे आहे. त्याच्या शेजारच्या हवाई तळावरून रॉयल एअर फोर्सच्या ९७ व्या स्क्वाड्रनची २१ लँकेस्टर बॉम्बफेकी विमाने दिवस मावळताना बर्लिनकडे निघाली. त्या मोहिमेत शत्रूच्या हातून त्यांपैकी एकच विमान गेले. तरीही दुसऱ्या दिवशी उजाडले तेव्हा स्क्वाड्रनची आठ विमाने नष्ट झालेली होती. बाकीची सात इंग्लंडमध्ये, घराच्या उंबरठ्याशी येऊन, धुक्यात संपली.

२.
ब्रिटिश हवाई दलाच्या इतिहासात ही रात्र ‘काळा गुरुवार’ म्हणून ओळखली जाते. आकडेवारीच्या तक्त्यांत मात्र ती तितकीशी काळी दिसत नाही. तिथे लँकेस्टर विमानांची हानी ५.२ टक्के अशी नोंद सापडते, आणि त्या हिवाळ्यात तेवढी हानी नेहमीची झाली होती. प्रस्तुत धाग्याचे म्हणणे असे: धुक्यातले मृत्यू हा मोहिमेच्याच खर्चाचा भाग होता. त्यांना ‘अपघात’ म्हणून निराळ्या रकान्यात ठेवणे ही युद्धकाळातील प्रशासनाची सोय होती. इतिहासलेखनाने ती सोय उसनी घेण्याचे कारण नाही.

३.
प्रथम पार्श्वभूमी. बॉम्बर कमांडचे प्रमुख सर आर्थर हॅरिस यांनी नोव्हेंबर १९४३ च्या आरंभी पंतप्रधान चर्चिल यांना एक पत्र लिहिले. अमेरिकी हवाई दल सोबत आले, तर बर्लिन या टोकापासून त्या टोकापर्यंत उद्ध्वस्त करता येईल, त्यासाठी ब्रिटनला ४०० ते ५०० विमानांची किंमत मोजावी लागेल आणि जर्मनीला मात्र युद्धच गमवावे लागेल, असा त्या पत्राचा आशय होता. अमेरिकी दल त्या हिवाळ्यात सोबत आले नाही. १८ नोव्हेंबरच्या रात्री ब्रिटिशांनी एकट्यानेच मोहीम उघडली आणि ती मार्च १९४४ पर्यंत चालली.

४.
या पत्रात हानीचा आकडा मोहिमेपूर्वीच लिहिलेला आहे, ही बाब ध्यानात ठेवावी. विमाने किती जातील, हा प्रश्न सेनापतीच्या मनात आधीपासून होता आणि त्याचे उत्तर त्याने व्यवहाराच्या भाषेत दिले होते. इतके खर्चावे, त्या बदल्यात इतके मिळेल. युद्धात असा हिशेब अटळ असतो, त्यासाठी हॅरिस यांना एकट्याला दोषी धरण्याचे प्रयोजन नाही. परंतु ज्याने खर्चाचा अंदाज मांडून सौदा केला, त्याच्या खात्यात सगळा खर्च लिहिला जावा, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

५.
आता बोर्नचा तळ. १९४१ मध्ये ओकिंग्टन या मोठ्या तळाचा उपतळ म्हणून तो बांधला गेला. एप्रिल १९४३ मध्ये ९७ वे स्क्वाड्रन तिथे आले. या स्क्वाड्रनच्या नावात ‘स्ट्रेट्स सेटलमेंट्स’ हे शब्द होते. सिंगापूर, पिनांग, मलाक्का या पूर्वेकडील ब्रिटिश वसाहतींची ती आठवण. वैमानिकही एका देशाचे नव्हते. बॉम्बर कमांडच्या विमानांत ब्रिटिशांच्या बरोबरीने कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि साम्राज्याच्या इतर भागांतून आलेले तरुण बसत. केंब्रिजशायरच्या सपाट, ओलसर शेतजमिनीवर साम्राज्याचे असे तुकडे एकत्र आले होते.

६.
९७ वे स्क्वाड्रन ‘पाथफाइंडर’ दलात होते. डॉन बेनेट या ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखालील या दलाचे काम म्हणजे मुख्य ताफ्याच्या पुढे जाऊन लक्ष्यावर रंगीत दिवे टाकणे. मागून येणारी शेकडो विमाने त्या दिव्यांच्या खुणेवर बॉम्ब टाकत. एका लँकेस्टरमध्ये सात माणसे असत: वैमानिक, फ्लाइट इंजिनीअर, नेव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेस ऑपरेटर आणि दोन गनर. बहुतेक जण विशीतले. इतर स्क्वाड्रनमध्ये ३० मोहिमा झाल्या की विसावा मिळे. पाथफाइंडरांना ४५ मोहिमा कराव्या लागत. म्हणजे त्या रात्री बोर्नहून निघालेली मंडळी अननुभवी नव्हती. निवडून घेतलेली होती.

७.
त्या रात्री ४८३ लँकेस्टर आणि १० मॉस्किटो विमाने बर्लिनकडे गेली. मार्ग हॉलंडवरून जवळजवळ सरळ बर्लिनला जाणारा होता आणि शत्रूची दिशाभूल करणारे मोठे हल्ले अन्यत्र योजलेले नव्हते. जर्मन नियंत्रकांनी ताफ्याची वाट अचूक ओळखली. हॉलंडच्या किनाऱ्यापासूनच जर्मन रात्रलढाऊ विमाने ताफ्यात घुसली आणि बर्लिनवरही ती वाट पाहतच होती. या झुंजींत आणि विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात २५ लँकेस्टर गेली. ४८३ पैकी २५ म्हणजे ५.२ टक्के. तक्त्यांतला आकडा तो हाच.

८.
खाली बर्लिनमध्ये काय झाले, हेही इथेच सांगितले पाहिजे. शहरावर ढग होते, तरी खुणेचे दिवे बऱ्यापैकी नेमके पडले. बॉम्ब मुख्यतः वस्तीवर आणि रेल्वेवर कोसळले. सातशेहून अधिक माणसे मेली. त्यांत जर्मनीने कामाला जुंपलेले परदेशी लोक मोठ्या संख्येने होते, स्त्रिया होत्या, मुले होती. उद्योगांचे नुकसान त्या मानाने थोडे झाले. पूर्व आघाडीकडे जाणाऱ्या मालगाड्या मात्र काही दिवस अडून राहिल्या. विमानांच्या हानीविषयी बोलताना हा परिच्छेद गाळण्याची रीत आहे. ती पाळली, तर पुढचा सारा युक्तिवाद पोकळ ठरेल.

९.
परतीची वाट उत्तरेकडून, डेन्मार्कवरून आखलेली होती. तिथे पाठलाग सुटला. जिवंत राहिलेल्या ताफ्यासाठी मोहिमेचा कठीण भाग संपला होता. समुद्र ओलांडला की इंग्लंडचा किनारा, किनाऱ्यापासून तळ, तळावर अधिकाऱ्यांना हकीकत सांगणे, गरम चहा, न्याहारी आणि झोप. पण विमाने परतली तेव्हा पूर्व इंग्लंडवर धुके आणि अगदी खाली उतरलेले ढग पसरलेले होते. लिंकनशायरकडील १ क्रमांकाचा ग्रुप, यॉर्कशायरमधील कॅनडाचा ६ क्रमांकाचा ग्रुप आणि केंब्रिज-हंटिंग्डन भागातील पाथफाइंडरांचा ८ क्रमांकाचा ग्रुप यांना त्याचा विशेष फटका बसला.

१०.
धुके इतके घातक का ठरले, ते समजून घेण्यासाठी त्या काळच्या यंत्रांकडे पाहावे लागते. ‘जी’ नावाच्या रेडिओ यंत्रणेमुळे नेव्हिगेटर विमानाला तळाच्या आसपास आणून सोडू शके. धावपट्टीवर उतरवण्याइतकी अचूकता तिच्यात नव्हती. उंची दाखवणारा आल्टिमीटर हवेच्या दाबावर चाले. स्थानिक दाबाचा आकडा थोडासा चुकला, तरी काटा प्रत्यक्षाहून जास्त उंची दाखवी. शेवटचे काहीशे फूट वैमानिकाला डोळ्यांनीच उतरावे लागत. दिवे दिसले नाहीत, तर खाली शेत आहे, झाड आहे की धावपट्टी, हे कळायला मार्ग नसे.

११.
मग दुसरीकडे का गेली नाहीत? काही गेली आणि वाचली. पण सात तासांच्या उड्डाणानंतर टाकीत इंधन किती उरले आहे, यावर ते अवलंबून होते. इंधन आणि बॉम्ब यांचे वजन एकाच मापात बसवावे लागे. परतीसाठी राखून ठेवलेला प्रत्येक जादा गॅलन म्हणजे तेवढा कमी बॉम्ब. त्यामुळे राखीव इंधन किती द्यायचे, हा निर्णय आकाशात होत नसे, उड्डाणापूर्वी जमिनीवरच होत असे. शिवाय एकेका तळावर अनेक विमाने एकाच वेळी घिरट्या घालत होती आणि प्रत्येकाला रांगेत थांबावे लागत होते. धुक्यात थांबणे म्हणजे इंधन जाळणे.

१२.
नियंत्रण मनोऱ्यात रेडिओवर बसलेल्यांत महिला साहाय्यक हवाई दलातील तरुणी असत. वैमानिक आपल्या विमानाचे नाव सांगे, त्या त्याला उंची आणि क्रम देत. अशा रात्री त्यांच्याजवळ देण्यासारखे दुसरे काही नसे. वर इंजिनांचा आवाज ऐकू येई, विमान दिसत नसे. परतणाऱ्या विमानांना तळाची जागा कळावी म्हणून एरवी प्रकाशझोत आकाशात सोडले जात. दाट धुक्यात ते झोत वरून नुसत्या पांढुरक्या डागासारखे दिसत.

१३.
त्या रात्री इंग्लंडमध्ये परतल्यावर आणखी २९ लँकेस्टर नष्ट झाली. काही जमिनीवर आदळली, काही विमाने इंधन संपत आल्यावर माणसांनी हवाई छत्रीने उड्या मारून सोडून दिली. या घटनांत सुमारे १४८ जण मेले, ३९ जखमी झाले आणि सहा जण समुद्रात बुडाले असावेत, असे मानले जाते. २९ पैकी सात विमाने एकट्या ९७ व्या स्क्वाड्रनची होती. जवळच्याच ग्रॅन्सडेन लॉज तळावरील कॅनडाच्या ४०५ व्या स्क्वाड्रनलाही धुक्याने सोडले नाही.

१४.
मृतांमध्ये स्क्वाड्रन लीडर अर्नेस्ट डेव्हरिल होते. एप्रिल १९४२ मध्ये ऑग्सबर्गच्या कारखान्यावर १२ लँकेस्टर भर दिवसा, अगदी खालून उडत गेली होती. त्यांतली सात परत आली नाहीत. डेव्हरिल त्या मोहिमेतून परतले होते. शौर्यपदके त्यांच्या नावापुढे होती. असा माणूस बर्लिनहूनही परतला आणि बोर्नजवळच्या ग्रेव्हली तळावर उतरण्याचा प्रयत्न करताना मरण पावला. कौशल्य असते तर वाचले असते, असे म्हणण्याची सोय डेव्हरिल यांच्या मृत्यूने ठेवलेली नाही.

१५.
आता आकडे पुन्हा मांडून पाहावेत. २५ अधिक २९ म्हणजे ५४. ४८३ पैकी ५४ म्हणजे सुमारे ११.२ टक्के. एकट्या बोर्नपुरते पाहिले, तर फरक अधिकच डोळ्यांत भरतो. शत्रूमुळे गेलेले एकच विमान धरले, तर २१ पैकी १ म्हणजे ४.८ टक्के, त्या रात्रीच्या सरासरीहूनही कमी. या मापाने बोर्नच्या तळाची रात्र बरी गेली असे म्हणावे लागेल. सगळी आठ विमाने धरली, तर हानी ३८ टक्के होते. एकच तळ आणि एकच रात्र, पण एका आकड्यात ती साधारण ठरते आणि दुसऱ्यात सर्वनाशी.

१६.
टक्केवारीतील हा फरक माणसाच्या आयुष्यात काय अर्थ धारण करतो? दर मोहिमेत ५.२ टक्के विमाने जात असतील, तर ३० मोहिमा पुऱ्या करण्याची शक्यता शंभरात वीसच्या आसपास उरते. दर ११.२ टक्क्यांवर गेला, तर ती शंभरात तीनवर येते. अर्थात प्रत्येक रात्री धुके नव्हते आणि प्रत्येक रात्र अशी गेली असती, तर बॉम्बर कमांड काही आठवड्यांतच संपले असते. परंतु विमानात बसणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने जीव कशाने जातो, याला महत्त्व नव्हते. त्याला एकच गणित ठाऊक होते: पुढच्या मोहिमेवर नाव लागण्यासाठी आधी या मोहिमेतून जिवंत परत यायचे.

१७.
मग हा फरक पडतो कुठे? शब्दात. हवाई मंत्रालयाच्या निवेदनात अमुक विमाने ‘बेपत्ता’ आहेत, असे सांगितले जाई. बेपत्ता म्हणजे जे परतले नाही ते. इंग्लंडच्या भूमीवर कोसळलेले विमान बेपत्ता नव्हते. ते कुठे आहे, हे सर्वांना माहीत होते, जळताना दिसत होते. म्हणून ते त्या आकड्यात बसत नसे. शब्दशः पाहता निवेदनात खोटे काही नव्हते. न्याहारीच्या टेबलावर वर्तमानपत्र उघडणारा नागरिक मात्र ‘बेपत्ता’ हा शब्द ‘एकूण हानी’ या अर्थाने वाचत असे, आणि त्याचा तो गैरसमज दूर करण्याची घाई कोणाला नव्हती.

१८.
या वर्गवारीला सबळ कारण होते, हे मान्य करायला हवे. बॉम्बर कमांडमध्ये शास्त्रज्ञांचा एक संशोधन विभाग होता. पुढे नामवंत झालेले भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन तरुणपणी तिथेच काम करत होते. जर्मन लढाऊ विमाने किती परिणामकारक आहेत, कोणता मार्ग अधिक धोक्याचा, कोणते रडारविरोधी साधन उपयोगी पडते, हे ठरवायचे असेल तर शत्रूमुळे झालेली हानी वेगळी काढावीच लागते. धुक्यात पडलेली विमाने त्यात मिसळली, तर निष्कर्ष चुकेल. वर्गवारी त्या कामासाठी योग्यच होती. पण एका कामासाठी तयार झालेला आकडा जेव्हा ‘त्या रात्रीची हानी’ म्हणून ऐंशी वर्षे पुस्तकांतून फिरत राहतो, तेव्हा वाचकाची दिशाभूल होते.

१९.
यावर पहिला आक्षेप असा: धुके निसर्गाने आणले. त्याचा दोष सेनापतीला कसा? याचे उत्तर हाय विकंब येथील मुख्यालयाच्या दिनक्रमात आहे. तिथे रोज सकाळी हॅरिस यांच्यासमोर बैठक भरे आणि त्या रात्रीचे लक्ष्य ठरे. मुख्य हवामानतज्ज्ञ मॅग्नस स्पेन्स त्या बैठकीस उपस्थित असत. लक्ष्यावर ढग आहेत का, एवढाच प्रश्न त्यांना विचारला जात नसे. विमाने परत येतील तेव्हा तळांवर हवा कशी असेल, हाही प्रश्न असे. परतीचे हवामान निर्णयाच्या टेबलावर होते. ज्याचा विचार करून निर्णय होतो, त्याला नंतर योगायोग म्हणता येत नाही. अंदाज चुकू शकतो. पण चुकलेल्या अंदाजाची किंमतही निर्णयाचीच किंमत असते.

२०.
दुसरे उत्तर अधिक ठोस आहे. धुक्यावर उपाय शोधण्याचे काम सप्टेंबर १९४२ मध्येच चर्चिल यांच्या आदेशावरून सुरू झाले होते. त्यातून ‘फिडो’ ही यंत्रणा निघाली. धावपट्टीच्या दोन्ही कडांना नळ टाकून त्यांतून पेट्रोल जाळायचे आणि त्या उष्णतेने धुके वर उचलायचे. तासाला एक लाख गॅलनपर्यंत इंधन लागे. नोव्हेंबर १९४३ मध्ये ग्रेव्हली येथे मोहिमेवरून परतलेली विमाने प्रथमच तिच्या साहाय्याने उतरली. म्हणजे काळ्या गुरुवारी ही यंत्रणा अस्तित्वात होती, पण मोजक्याच ठिकाणी. बोर्नला ती नव्हती. युद्ध संपेपर्यंत ब्रिटनमधील १५ तळांवर ती बसली आणि सुमारे अडीच हजार विमाने तिच्यामुळे सुखरूप उतरली.

२१.
राज्यसंस्थेने ज्या धोक्यावर मंत्रालय कामाला लावले, पैसा ओतला, लाखो गॅलन पेट्रोल जाळण्याची तयारी केली, तो धोका तिला आधीच ठाऊक होता, एवढे तरी यातून सिद्ध होते. यंत्रणा सर्वत्र पोहोचण्यापूर्वी मोहीम चालू ठेवायची, हाही निर्णयच होता. तो चुकीचा होता असे इथे म्हणायचे नाही. युद्ध थांबवून नळ टाकत बसणे शक्य नव्हते, असे कोणी म्हणेल आणि त्यात तथ्य आहे. पण मग त्या निर्णयाच्या खर्चात ती सात विमाने लिहावी लागतील.

२२.
दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि जास्त वजनदार आहे. ज्या रात्री बर्लिनमध्ये सातशेहून अधिक माणसे मेली, त्या रात्रीच्या बॉम्बफेक्यांच्या मृत्यूचा इतका बारीक हिशेब कशासाठी? हा आक्षेप उडवून लावता येणार नाही. मात्र त्याचे उत्तर हिशेब अपुरा ठेवण्यात नाही. निर्णयाने जे जे घडवले ते सारे त्याच्या खात्यात लिहायचे, हे तत्त्व एकदा मान्य केले की बर्लिनच्या तळघरात मेलेली परदेशी मजूर स्त्री आणि केंब्रिजशायरच्या शेतात मेलेला गनर एकाच पानावर येतात. ‘बेपत्ता’ या शब्दाने त्या पानावरून दोघांनाही बाहेर ठेवले होते.

२३.
हीच गोष्ट संपूर्ण युद्धाला लागू होते. बॉम्बर कमांडच्या सुमारे १ लाख २५ हजार हवाई सैनिकांपैकी ५५ हजारांहून अधिक मेले. त्यांतले सुमारे ४७ हजार मोहिमांत किंवा शत्रूच्या कैदेत गेले. उरलेले आठ हजारांहून अधिक प्रशिक्षणात आणि इतर अपघातांत मेले. त्यांतल्या अनेकांनी जर्मनीचे आकाश कधी पाहिलेही नव्हते. थकलेली जुनी विमाने, नवशिके वैमानिक, डोंगराळ भाग, खराब हवा, आणि या साऱ्यामागे मोहिमांना सतत नवी माणसे पुरवण्याची घाई. बर्लिनवर विमाने पाठवायची, तर प्रशिक्षणतळांवरची ही घाईही पत्करावी लागत होती.

२४.
स्मरणाच्या बाबतीतही रकान्यांचा परिणाम दिसतो. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गवर गेलेल्या ७९५ विमानांपैकी ९५ परतली नाहीत. हा दर ११.९ टक्के होतो. ती बॉम्बर कमांडची सर्वांत वाईट रात्र म्हणून प्रसिद्ध आहे आणि तिच्यावर पुस्तके लिहिली गेली. परतताना कोसळलेली विमाने धरली, तर न्यूरेंबर्गचाही आकडा वाढतो, म्हणून दोन्ही रात्री समान होत्या असा दावा करता येणार नाही. पण ५.२ टक्क्यांच्या आड लपलेली रात्र ११ टक्क्यांच्या घरातली होती, हे कळल्यावर दोन्ही रात्रींच्या प्रसिद्धीतील अंतर खटकू लागते.

२५.
कबरींचा भूगोलही वेगळा आहे. ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही, अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे लंडनजवळच्या रनीमीड येथील स्मारकावर कोरलेली आहेत. धुक्यात मेलेल्यांचे देह मात्र बहुतांशी मिळाले. ब्रिटिश कुटुंबांना आपला मुलगा गावच्या चर्चच्या आवारात पुरता आला. समुद्रापारच्या मुलांसाठी केंब्रिजच्या नगर दफनभूमीसारख्या जागा होत्या. दुःखाला जागा मिळाली, हा एका अर्थाने दिलासा. पण देह घरी आला म्हणून तो मृत्यू युद्धातला नव्हता, असे कोणत्या आईने मानले असेल?

२६.
अलीकडे चित्र बदलू लागले आहे. लिंकन येथील आंतरराष्ट्रीय बॉम्बर कमांड केंद्राच्या भिंतींवर जवळजवळ ५८ हजार नावे आहेत. तिथे शत्रूच्या गोळीने मेलेला आणि सरावात मेलेला असा भेद नावांच्या रांगेत दिसत नाही. हवाई तळांच्या हानीच्या स्थानिक याद्या करणारे अभ्यासकही आता मोहीम, परतीचा प्रवास, सराव आणि जमिनीवरचे अपघात असे सारे एकत्र नोंदवतात. हे काम किचकट आणि प्रसिद्धीपासून दूरचे आहे. विमानाचा क्रमांक, निघाल्याची वेळ, कोसळल्याची जागा, सात नावे. एका रात्रीचा खरा आकडा अशाच याद्यांतून तयार होतो.

२७.
तेव्हा कोणत्याही युद्धाच्या इतिहासात ‘अमुक टक्के हानी’ असे वाचले की तीन प्रश्न विचारावेत. हा आकडा कोणी आणि कशासाठी काढला? कोणत्या शब्दाने त्यातून कोणाला वगळले? आणि निर्णय घेणाऱ्याला त्या वगळलेल्या धोक्याची पूर्वकल्पना होती का? हे प्रश्न केवळ ब्रिटिश हवाई दलापुरते नाहीत. हिमनदीवरच्या चौकीत थंडीने दगावलेला शिपाई असो किंवा सरावात कोसळलेले लढाऊ विमान असो, ‘कारवाईत’ आणि ‘कारवाईबाहेर’ या दोन शब्दांमधले अंतर कागदावर जितके वाटते तितके प्रत्यक्षात नसते.

२८.
९७ वे स्क्वाड्रन एप्रिल १९४४ मध्ये बोर्न सोडून लिंकनशायरमधील कॉनिंग्सबी तळावर गेले. बोर्नची धावपट्टी पुढे छोट्या विमानांच्या वापरात राहिली आणि आता त्या जमिनीवर नवी वसाहत उभारण्याची योजना आहे. घरे होतील, रस्त्यांना नावे दिली जातील. त्या गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने १६ डिसेंबर १९४३ पुढे एकच आकडा लिहावा: निघाली २१, गेली ८.